डावा स्पीकर

काटेमास्तरांचा उजवा स्पीकर नीट गात होता आणि डावा रुसला होता. घरात रुसायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे मास्तरांनी तो रुसवा फारच मनाला लावून घेतला.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून हे नाव पडलं. हौस एकच, गाणं ऐकायची, आणि तीही पैसा न उधळता. अॅम्प्लिफायर भंगारातून उचललेला, त्याच्या पोटातले निम्मे भाग स्वतःच्या हातांनी बदललेले. स्पीकरची खोकी जुन्या कपाटाच्या फळ्यांची. एका खोक्याच्या पाठीला कपाटाचं कुलूप अजून तसंच आहे. नव्या यंत्रांपायी पगारच्या पगार ओतणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव यायची. म्हणायचे, "ते लोक पावतीच ऐकत बसतात."

दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, जमिनीवर खडूनं खूण करून, मास्तरांनी खुर्ची मांडली होती. नेमकं तिथं बसलं की गाणारा समोर येऊन उभा राहतो, असं ते सांगत. अशी जागा खोलीत एकच असते, आणि ती अर्थातच मास्तरांची. बायको त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर भाजी निवडत बसायची. तिची टकळी सुरू झाली की मास्तर वैतागून म्हणायचे, "अगं, थांब जरा!" शेवटची दोन-तीन वर्षं मात्र ती गप्प बसू लागली होती. "तिलाही अखेर गोडी लागली," असं ते कौतुकानं सांगत. तिला जाऊन आता वर्ष झालं. स्टूल जागचं हललं नव्हतं.

हळूहळू मंदावत गेलेल्या डाव्या स्पीकरवर मास्तरांनी सगळे उपाय केले. वायर बदलली, जोड सुटल्यासारखा वाटला तिथं पुन्हा झाळून डाग दिला, आतला कागदी पडदा नवा बसवला. फरक शून्य. दुसऱ्या कुणाच्या कानांनी एकदा खात्री करून घ्यायची, तर घरात दुसरे कान नव्हते. भंगारवाल्याला बोलवायला गेले, तर तो दुकानातूनच ओरडला, "मास्तर, आता फेका की ते! नवीन जोडी घ्या, शंभर वर्षं बघायला नको."

"फेकायला तो काय नासका बटाटा आहे?" मास्तर म्हणाले आणि तरातरा घरी आले.

एवढं झाल्यावर त्यांना स्वतःचाच धंदा आठवला. काट्याचा संशय आला की दोन्ही पारड्यांतलं वजन इकडचं तिकडे करायचं. खोट वजनात असेल तर ती वजनाबरोबर जाते. काट्यात असेल तर जागीच राहते. चाळीस वर्षं हेच केलं आणि घरच्या स्पीकरला विसरलो, म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

सकाळच्या उन्हात धापा टाकत त्यांनी खोकी अदलाबदल केली. आवाज तरीही डावीकडेच मिणमिणता. म्हणजे स्पीकर निर्दोष. अॅम्प्लिफायरच्या वायरी उलट जोडल्या. पुन्हा डावीकडेच. म्हणजे अॅम्प्लिफायरही सुटला. आता खापर फोडायला डाव्या बाजूची भिंत तेवढी उरली. भिंत काही हलवता येत नाही, म्हणून मास्तरांनी खुर्चीच फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले.

एवढा वेळ खणखणीत वाजणारा स्पीकर आता डाव्या हाताला आला होता, आणि आता तोच मिणमिणत होता.

मास्तरांनी गाण्याचा आवाज कमी केला. त्यांनी मुलीला फोन लावला आणि मुद्दाम डाव्या कानाला धरला. तिचा "हॅलो" तीन खोल्यांपलीकडून आल्यासारखा आला. त्यांनी फोन उजव्या कानाला नेला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं. तुझी आई शेवटी शेवटी गप्प गप्प असायची ना?"

"आई? आणि गप्प?" मुलगी हसली. "कुणी सांगितलं तुम्हाला? मला फोनवर म्हणायची, हल्ली गाणं चालू असलं तरी मी ह्यांना सगळं सांगते. पहिल्यासारखं थांब म्हणत नाहीत. उत्तर देत नाहीत, पण ऐकून घेतात. फार खूश होती त्यावर."

मास्तर स्टुलाकडे बघत राहिले.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले. "बोल तू."

मुलगी बरंच काही बोलली. फोन ठेवल्यावर मास्तरांनी गाणं बंद केलं आणि खुर्ची पुन्हा खडूच्या खुणेवर आणली. मग डाव्या हाताचं स्टूल उचलून उजव्या हाताला ठेवलं, अगदी खुर्चीला लागून, आणि बसून राहिले. गाणं त्यांनी पुन्हा लावलं नाही.