शेजाऱ्याचं मत

दिल्लीत सरकार कोणाचं येणार हे दिल्लीच्या आधी लातुरात एका माणसाला कळायचं, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. पेशानं गणिताचे सर. क्लासला गर्दी अशी, की मागच्या बाकावरची पोरं पलीकडच्या गल्लीत बसत. पण निवडणूक लागली की सर बीजगणित गुंडाळून एसटीत बसत आणि निलंग्यापासून भोकरपर्यंत दारोदार पाणी मागत फिरत. दोन हंडे पाणी पोटात गेलं की प्रश्न एकच. "तुम्ही कोणाला मत देणार?" हा नव्हे. "तुमचा शेजारी कोणाला देणार?" हा!

ही युक्ती त्यांना भूकंपानं शिकवली. तेव्हा अख्खी गल्ली मैदानात पाल टाकून राहिली होती. सरांच्या ध्यानात आलं, स्वतःबद्दल विचारलं की माणूस पोलिसांनी धरल्यागत गप्प. शेजाऱ्याबद्दल विचारा, त्याच्या वरणात मीठ किती तेही सांगतो.

एका लोकसभेला टीव्हीवरचे झाडून सगळे सर्व्हे म्हणाले, सरकार टिकणार. सर म्हणाले, "जाणार."

कोपऱ्यावरचे हॉटेलवाले चाचा चहा गाळत म्हणाले, "सर, टीव्हीवाल्यांकडं मशिनी हायत. तुमच्याकडं काय हाय?"

"शेजारी!" सर गरजले. "चुकलो तर क्लासची लाकडी पाटी उतरवून तुमच्या भट्टीत घालतो, हाव!"

हे पोरांच्या आईबापांनीही ऐकलं. ज्याचा हिशेब चारचौघांत चुकला, त्या गणिताच्या सरांकडं पोरगं कोण धाडणार?

मोजणीच्या सकाळी सरकार पुढे. चाचांनी स्टूल आणून पाटीखाली ठेवलं. "घाई न्हाई, सर. भट्टी लई गरम हाय." सरांचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा. दुपारी मात्र आकडे असे कोसळले, की टीव्हीवरच्या तज्ज्ञांचे टाय सुटले. चाचांनी त्याच स्टुलावर सरांना उभं करून हार घातला. फटाके उमरीपर्यंत ऐकू गेले, आणि पाटी उतरली ती दुप्पट मोठी लावायला!

पुढं लातूर क्लासच्या पोरांनी भरलं, बैठी घरं जाऊन फ्लॅट आले. मागच्या निवडणुकीला सर फिरून आले आणि माझ्या पायरीवर बसले. "दाराला दार लागून राहतात," म्हणाले, "अन् शेजारी कोण हाय, ठाऊक न्हाई." मग आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "तुम्ही कोणाला देणार?"

"माझ्या शेजाऱ्याला विचारा की," मी म्हणालो.

सर हसले. त्यांनी हळूच एक नाव घेतलं.

बरोबर होतं.