बाभळीखालचा मणी

माझ्या दादाचं हृदय थांबलं, पण ते थांबलं कशानं? मी डॉक्टरला विचारलं, फोरमनला विचारलं, कागदावर शिक्का मारणाऱ्यालाही विचारलं. कुणीच सांगितलं नाही. कॅम्पवरच्या खोलीतले लोक मात्र त्याचे किस्से सांगत बसले. किस्से बुटातल्या वाळूसारखे असतात. कितीही झटका, थोडे उरतातच. मी दमलोय, पण सांगतो.

दादा गवंडी, मी त्याच्या हाताखाली. कतारात वर्ल्ड कपची कामं जोरात होती. आमचा कॅम्प उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे. आठवडाभर स्टेडियमवर प्लास्टर करायचं आणि शुक्रवारी दादा जुनं मेटल डिटेक्टर घेऊन वाळवंटात सोनं शोधायला! माझ्या व्हिसासाठी वहिनीचं मंगळसूत्र मोडलं होतं. "मातीतलं सोनं काढून तिला नवं घडवीन," म्हणायचा.

*

पहिल्याच शुक्रवारी मशीन पावलागणिक ओरडायला लागलं. टीं! टीं! दादा नाचायचाच बाकी होता. आम्ही अकरा खड्डे खणले. काहीच नाही.

आमचे आचारी, बीडचे बबनमामा, जेवणाचा डबा घेऊन आले होते. खड्डे बघितले, आमचे पाय बघितले.

"गाढवांनो, सेफ्टी शूज घालून आलाव! त्याच्या चवड्यात लोखंड हाय!"

दुसरे बूट होते कुणाकडे? मग चपलांवरच जायला लागलो.

*

साइटवरचे कुलकर्णी साहेब पुण्याचे, राहायला अल दुहैलला. त्यांनी दादाला समजावलं, "अरे, इथे खाली नुसता चुनखडक आहे. सोनं सापडणं शक्य नाही."

"साहेब, तुम्ही खणून बघितलंय का?"

साहेब पुढच्या शुक्रवारी गाडी घेऊन हजर! पायात रबरी चपला.

*

एकदा एक म्हातारा कतारी लँड क्रूझर थांबवून उतरला. काय शोधताय, म्हणाला. सोनं, म्हटल्यावर इतका हसला की वाळूत बसला. मग निघताना त्याला किल्लीच सापडेना. दादानं मशीन फिरवलं, दोन मिनिटांत किल्ली वर.

"खलास! तुमको सोना मिल गया!" म्हातारा म्हणाला आणि खजुराचा डबा देऊन गेला.

दादा परतताना म्हणाला, "मातीतनं निघालेली पहिली कमाई. खा!"

*

दादाचं तोंड उतरायला लागलं तसा मला राहवेना. पहिल्या पगारातून सोन्याचा एक मणी आणला आणि गुपचूप तिथल्या एका बाभळीखाली पुरला. म्हटलं, सापडू दे एकदा!

दादानं तीनदा मशीन फिरवलं. गप्प! एवढासा मणी त्या मशीनला कळतच नव्हता. मग मीच वाळू उकरायला लागलो. मलाही सापडेना.

"काय शोधतोस रे?"

"घड्याळ पडलं."

"थांब, मशीन लावतो!"

तासभर उन्हात माझं घड्याळ शोधत होता. ते माझ्या बाहीखाली होतं.

*

शनिवारच्या विमानानं दादाचा देह गावी पाठवायचं ठरलं. आईचा फोन आला. रडून आवाज बसला होता. "तुळस नसली तर नसू दे. त्याच्या तोंडात सोन्याचा कण तेवढा ठेव, बाळा."

"बाजारातनं आण की," बबनमामा म्हणाले.

"नको. त्याचं सोनं बाभळीखाली आहे."

मग मामा आणि मी शुक्रवारी सकाळी साइटवरची वाळूची चाळण घेऊन निघालो. एका बाजूनं मी धरली, दुसरीकडून मामांनी. प्लास्टरची वाळू चाळतात तशी ती सगळी जागा चाळली. दुपारी चाळणीत खड्यांमध्ये मणी राहिला.

तसाच शवागारावर गेलो. दारावरच्या गार्डनं हातातलं मशीन माझ्या अंगावरून फिरवलं. पायाशी आलं तसं टीं!

"जूते उतारो."

बूट काढले. त्यानं परत फिरवलं. डोकं, छाती, मणी धरलेली मूठ, पाय. मशीन गप्प.

"कुछ नहीं है. यल्ला, जाओ."

मी अनवाणी आत गेलो. दादाचे ओठ जरासे उघडे होते. मणी आत सरकवला आणि ओठ हातानं मिटून धरले.