अकरा पौंडांचं घर

सफिनाजकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते शाळेत. भाच्याच्या दाखल्यावर पत्ता चुकला होता. "मास्तर, आम्ही शुब्राचे. नीट लिहा," म्हणाली, आणि दुरुस्ती होईपर्यंत टेबलापाशी उभी राहिली. पुढे कळलं, ती आमच्याच गल्लीत, चौथ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहते.

भाडं जुन्या कायद्याचं, महिन्याला अकरा पौंड. करार आईच्या नावावर. आई जाईल त्या दिवशी लेक तिच्याबरोबर तिथे राहत असेल तर घर लेकीकडे. नसेल तर मालकाकडे. शुब्रात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिचा भाऊ शुक्री घरांचा दलाल. तो म्हणायचा, "अगं, फैसल भागात घर बघ. भाडं चार हजार, पण लिफ्ट आहे, खालीच दवाखाना. इथे आईला उतरवायला रोज माणसं शोधतेस. शुब्रात भाडं स्वस्त, आजारपण महाग!"

"आणि करार?"

"वर्षाचा. तू कुठे वर्ष काढणारेस? आई बरी झाली की परत ये. किल्ली तुझ्याकडेच."

मालक हाजी दसूकीही म्हणाले, "जा पोरी. आईची सेवा कर. घर कुठे पळून जातंय?"

ती आईला घेऊन फैसलला गेली. महिन्याभराने इमारतीचा राखणदार माझ्याकडे कागद घेऊन आला. "मास्तर, सफिनाजबाईंचं घर बंद आहे एवढं लिहून द्या. पाणीपट्टी कमी होईल बिचारीची." घर बंदच होतं. मी सही केली.

नवव्या आठवड्यात आई फैसललाच वारली. शोकाची बैठक आमच्या गल्लीत झाली. हाजी आले, बिनसाखरेची कॉफी प्यायले आणि जिन्यात, माझ्यासमोरच, तिला म्हणाले, "अल्ला तिला जन्नत देवो. किल्ली आज देतेस की उद्या?"

"काका, मी या घरात जन्मले."

"जन्मलीस ना. राहत नव्हतीस. मास्तरांनीच लिहून दिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं.

वकिलाने कागद वाचून परत दिला. "हा नसता तर लढलो असतो, बाई."

पंधरा दिवसांत त्या घराला सहा हजारांचा भाडेकरू मिळाला. तो शुक्रीनेच आणला. बहिणीला म्हणाला, "मी नसता आणला तर दुसऱ्याने आणला असता."

सफिनाज आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. फैसलला गच्चीवरच्या एका खोलीत राहते. यंदाचा करार जूनमध्ये संपतो.