मामांच्या गाडीतली टिकटिक

माझे मामा पडदे शिवायचे. आमच्या भागात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. पडदेवाले म्हटलं की कुणीही घर दाखवी. मामी माप घ्यायची, मामा कापायचे, आणि बोटभर फरक पडला तरी मामी अख्खा पडदा उसवायला लावी. मूलबाळ नव्हतं. मामांचा सगळा जीव त्यांच्या जुन्या गाडीवर. लांब नाकाची, निळी, मामांहून थोडीच लहान. मामी तिला सवत म्हणायची, पण पुसायची फडकी तीच शिवून द्यायची.

मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहत होते, त्या वर्षीची गोष्ट. इंजिनातला धूर बाहेर नेणारा गाडीचा ओतीव लोखंडी भाग तडकला. तसा नवा कुठे मिळेना. त्याऐवजी हेडर म्हणून नळ्यांचा जुडगा मिळतो, तो बसवायचं ठरलं. स्टेनलेस स्टीलचा मामांच्या आवाक्याबाहेरचा होता. साध्या पत्र्याचा, वरून काळा रंग मारलेला, परवडणारा होता.

गॅरेजवाला म्हणाला, "पडदेवाले, स्वस्तातला घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण इंजिनाला टेकते ना, ती याची पट्टी पातळ असते. तापली की वाकते. थोडे दिवस चालवली की नट परत आवळायचे. नाहीतर असं करा, माझ्याकडेच आणा."

"तुम्हाला कशाला त्रास? माझा मीच बसवतो."

दोन रविवार मामा गाडीखाली होते. जुने नट गंजून चिकटले होते. तेल सोडलं, पाना लावला, तर एक मोडूनच हातात आला. एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती, तिला हातोड्याने चेपलं. अगदी मागच्या कोपऱ्यात पाना फिरवायला जागाच नव्हती, तिथला नट ढिलाच राहिला. "बाकीचे धरतील की," मामा म्हणाले.

गाडी सुरू झाली तेव्हा समोरच्यांच्या खिडक्या थरथरल्या. मामांचा चेहरा असा फुलला होता की मामीसुद्धा हसली.

थंडी पडली आणि सकाळी गाडी सुरू करताना बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. इंजिन तापलं की ती थांबायची.

"बघ, बसली जागेवर," मामा म्हणायचे.

गाडीतून आलं की मामीचं डोकं जड व्हायचं. मामा म्हणायचे, नव्या रंगाचा वास आहे, जाईल. मग एकदा तिने माप चुकवलं. नंतर एका जुन्या गिऱ्हाइकाला ओळखलंच नाही. आम्ही तिची थट्टा केली. "मामी, म्हातारी झालीस गं!" तीही हसली. पण हसताना माझ्याकडे पाहत होती, ती नजर घाबरलेली होती.

डोंगरापलीकडच्या एका बंगल्यात पडदे लावायला आम्ही तिघं निघालो. दुपार होती, पण गारठा असा की सगळ्या काचा बंद. फक्त माझ्या बाजूची काच अर्ध्यात अडकायची, म्हणून मी शाल गुंडाळून कुडकुडत होते. घाटात मामी गप्प झाली.

"मामी, पाणी देऊ?"

झोपली असेल, असं वाटलं. वाकून पाहिलं तर गाल छान गुलाबी, तोंड उघडं, मान लुळी.

"मामा, मामीला बघा!"

"हो हो," मामा म्हणाले. रस्ता डावीकडे वळत होता. मामा सरळच चालले होते.

"मामा, वळण!"

"हो हो."

त्यांच्या आवाजात जराही घाई नव्हती. त्याचीच मला भीती वाटली. पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून मी हँडब्रेक जिवाच्या आकांताने ओढला. गाडी फरफटत जाऊन कडेच्या दगडांना टेकली. मी दारं उघडली, मामीला बाहेर ओढलं. मामा चार पावलं चालले आणि गुडघ्यांवर बसून ओकायला लागले. मागून आलेल्या ट्रकवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

ऑक्सिजन लावला तेव्हा मामी शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषारी धूर रक्तात भिनलाय.

गाडी गॅरेजवाल्यानेच आणून उघडली. मागच्या कोपऱ्यात पट्टी वाकली होती. फटीत माझं नख सहज गेलं. मामीच्या पायाशी, इंजिनाकडून वायर आत यायच्या भोकाचं रबर कधीच तुटून गेलं होतं.

"गार असताना टिकटिक यायची?" त्याने विचारलं.

मामांनी मान डोलावली.

"ती फटीतून धूर सुटल्याची. तापल्यावर पट्टी फुगते, आवाज दबतो, धूर थोडाच थांबतो? किती दिवस फिरलात असे?"

तेव्हा मला मामीची चुकलेली मापं आठवली, आणि मामांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही तेच आठवतंय.

आठवणींतलं काही परत येईल, काही येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काय येणार नाही ते त्यांनाही सांगता आलं नाही. मामी आता हिंडतेफिरते, स्वयंपाक करते. मामांनी गाडी विकली नाही आणि चालवलीही नाही. चहा पिताना ते सहज विचारल्यासारखं काहीतरी विचारतात, काल कोण आलं होतं गं, किंवा तुझ्या धाकट्या बहिणीचं घर कितव्या मजल्यावर. मामी चिडते. "परीक्षा घेताय का माझी?" म्हणते, आणि उत्तर देते. बहुतेक वेळा बरोबर असतं. चुकलं तर मामा दुरुस्त करत नाहीत. "हो, हो, तेच," म्हणतात आणि कप धुवायला उठून जातात.