खेमसिंगचं रक्त आणि सळोईतलं मीठ

राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यात शंकरसिंगला ओळखतात ते सळोईवरून. सळोई म्हणजे बोकडाच्या रक्तात काळीज-आतडी शिजवून केलेला बंजारा पदार्थ. लग्नाच्या जेवणात ती नसली, तर पाहुणे जेवले असं तांड्यात कोणी मानत नाही. आणि तिची सगळी करामत सुरुवातीलाच. रक्त परातीत धरलं की हात फिरवत राहायचं. थांबलात की ते दह्यासारखं थिजलंच. शंकरसिंगच्या परातीत कधी थिजलं नाही. बोटांना पांढुरके धागे चिकटायचे, ते तो झटकून टाकायचा आणि हात पुन्हा फिरू लागायचा.

एवढ्या गुणी माणसाचं वैर एकाशीच, शेजारच्या खेमसिंगशी. शेताच्या धुऱ्याचं भांडण नाही, पाण्याचं नाही. खेमसिंगची पोरगी जमनी, तिच्या लग्नात शंकरसिंगनं सळोई केली आणि भर पंगतीत खेमसिंग बोलून गेला, "मीठ जास्त झालं." झालं! दुसऱ्या दिवशी दोन अंगणांमध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण उभं राहिलं. तेव्हापासून शंकरसिंग त्या बाजूला तोंड करून चूळसुद्धा भरत नव्हता. आता असल्या माणसाला काय म्हणावं?

यंदा पोळा झाला आणि बोकड सोलताना त्याची सुरी सटकली, ती थेट मांडीत. रक्ताची धार लागली. बायको बिजलीबाई लुगड्याचा बोळा दाबून बसली, आणि हा बहाद्दर शुद्ध जाता जाता सांगतो, "हलवू नका मले. थिजू द्या त्याले."

यवतमाळच्या दवाखान्यात सिस्टरनं बिजलीबाईला विचारलं, "गट कोणता?"

"बचत गट," ती म्हणाली. "मीच अध्यक्ष आहो."

तपासल्यावर गट निघाला ओ निगेटिव्ह. असं रक्त लवकर मिळेना, म्हणून तांडा जीप भरून आला. सगळ्यांची बोटं टोचून झाली. पोटचा पोरगा सुनील, त्याचंही जुळेना. जुळलं ते नेमकं खेमसिंगचं. त्यानं बाही वर केली, पिशवी भरून दिली, चहा-बिस्किट घेतलं आणि कोणाशी न बोलता एसटीनं घरी गेला.

शुद्धीवर आल्यावर शंकरसिंगला हे समजलं. त्याचा चेहराच पडला.

"काढता येते काय ते?" त्यानं डॉक्टर माहनूर यांना विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, रक्त म्हणजे हमाल. फुफ्फुसातून हवा उचलायची, बोटांच्या टोकापर्यंत पोचवायची, येताना घाण घेऊन यायची. ज्या तांबड्या पेशी ती हवा वाहतात, त्या चारेक महिन्यांत मरतात. तुमच्या हाडातला मगज नव्या बनवतो. जखमेवर धाग्यांची जाळी विणून भोक बुजवतं तेही रक्तच."

धागे तर त्याच्या ओळखीचे होते. पण कानात राहिलं ते एकच. चार महिने.

घरी येताच त्यानं जाहीर केलं, की खेमसिंगचं रक्त अंगात असेपर्यंत सळोईला हात लावणार नाही. सुनीलचं लग्न होतं दिवाळीनंतर लगेच. म्हणे, लग्न पुढं ढकला. मुलीचे वडील प्रेमसिंग धावत आले, आधी हात जोडले, मग कावले.

"लोकं पंचांगात मुहूर्त पायतात, तुम्ही रक्तात पाहून राह्यले काय? तारीख हलली तर मी बबितासाठी दुसरं ठिकाण पायतो."

सुनीलचं जेवण सुटलं. बबिता त्याच्या मनात पक्की बसली होती आणि बापाच्या अंगात खेमसिंग. पट्टी बदलायच्या दिवशी तोच बापाला घेऊन गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, यायले जरा नीट सांगा."

"चार महिन्यांत त्याचं सगळं जाते ना?" शंकरसिंगनं विचारलं.

"पेशी जातात, काका. पण त्यातलं लोखंड शरीर सहसा टाकत नाही. जुनी पेशी मोडली की तेच लोखंड नवीत घालतं."

"म्हणजे खेमसिंगचं लोखंड..."

"राहतं. वर्षानुवर्षं फिरत राहतं."

येताना एसटीत तो बोटांवर वर्षं मोजत राहिला. राळेगाव आल्यावर म्हणाला, "जातच नाही, तर थांबू कायले? सांग प्रेमसिंगले, तारीख पक्की."

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं परात धरली. हात फिरला, तसाच. सळोई शिजली. त्यानं चमचाभर तोंडात घातली आणि तिथंच बसला.

"मीठ जास्त झालं," तो म्हणाला.

बिजलीबाईनं चाखली. "नेहमीसारखीच तर आहे."

त्यानं वाटी भरली, कुंपणाच्या चार पऱ्हाट्या उपटल्या आणि वाटी पलीकडं धरली. "चाखून पाय. मले खारट लागून राह्यली. तुह्यं रक्त बोलते."

खेमसिंगनं चाखली. मग वाटी खाली ठेवून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "मीठ तर बरोबर आहे. तू रडून राह्यला काय?"

"धूर आहे."

"चूल तिकडं मागं, धूर इथं कुठून आला? पोराचं लग्न पाह्यले वाचला, म्हणून डोये भरले तुह्ये. जमनी सासरी जाऊन राह्यलती तवा माह्यंही असंच झालतं. मीठ माह्या डोयातलंच होतं. मागून समजलं मले."

शंकरसिंगनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि त्याच वाटीतली पुन्हा चाखली. "मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"तू कुठं बोलत होता माह्याशी," खेमसिंग म्हणाला आणि उरलेल्या पऱ्हाट्या उपटू लागला.