बोटीवर काढून ठेवलेलं जॅकेट

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलोही. पण ज्यात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ते नेमकं पाठ सोडत नाही. नावं सांगणार नाही. पन्हाळ्याच्या बाजूचा एक जलाशय, एवढं पुरे.

दोन भाऊ होते. थोरल्याचं कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, धाकटा हायस्कूलमध्ये शिक्षक. थोरल्यानं हौसेनं पॉन्टून बोट घेतली होती. दोन लांब पोकळ नळ्या, त्यांवर सपाट डेक, वर छत, चहूबाजूंनी कठडा आणि आत सोफे. आमचे हवालदार तिला तरंगता हॉल म्हणायचे. नोंदणी, परवाना, बुडू न देणारी लाइफ जॅकेटं, सगळं चोख होतं. हौशी माणसाची कागदपत्रं बहुधा कच्ची असतात, याची नव्हती, म्हणून मला तो जरा खटकलाच. पोलिसाला चोख माणूसही खटकतो, काय करणार!

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी दोघेच भाऊ बोटीवर गेले. दिवस मावळताना थोरला एकटा, नखशिखांत भिजलेला काठावर आला. धाकटा बोटीच्या कठड्यातल्या पुढच्या दारातून पाण्यात पडला होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. थोरल्यानं मागोमाग उडी टाकली, दम संपेपर्यंत बुड्या मारल्या, पण हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बचाव पथकानं प्रेत वर काढलं. अंगावर कोरा करकरीत पिवळा शर्ट होता, जॅकेट नव्हतं. ते बोटीतल्या सोफ्यावर पडलं होतं, बकल नीट उघडलेलं. पंचनाम्यात तसं लिहून घेतलं आणि अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. माणसानं नाव सांगितलं नाही, पण मागून कपबशांचा आवाज येत होता; काठावरचा चहावाला असणार. म्हणाला, "मास्तर जाकीट घालून बोटीत चढलं हुतं. म्या बघितलंय. मग ते काढलं कुणी? थोरल्याला इचारा की."

त्याच दिवशी मयताची पत्नी तक्रार घेऊन आली. नवऱ्यानं बोटीत चढताना पाठवलेला फोटो तिनं छापून आणला होता, त्यात केशरी जॅकेट गळ्यापर्यंत आवळलेलं. घराच्या वाटणीवरून भावाभावांत वर्षभर धुसफूस होती, हेही तिनं सांगितलं. पाण्याला भिणारा माणूस आपण होऊन जॅकेट काढणार नाही, थोरल्यानंच घात केला, असं तिचं म्हणणं. फोटोनंतर नवऱ्याशी आपलं बोलणं झालं नाही, मी शेजारी गेले होते, असा जबाब तिनं दिला.

थोरल्याला चौकशीला बोलावलं. सकाळी दहाला येऊन बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा. वाटणीचं विचारलं की सांगायचा. पुढच्या दाराची कडी सैल झाली होती, हेही त्यानं आपणहून सांगितलं. जॅकेटचं नाव काढलं की मान खाली. तिसऱ्या दिवशी मी टेबलावर हात आपटला, तर म्हणाला, "मीच काढाय लावलं. वाटणीचा राग हुता. लिवून घ्या."

जबाब लिहून घेणारा रायटर पेन सरसावून बसला. मला मात्र पटेना. कबुली देणारा माणूस आधी रडतो, आपली बाजू मांडतो, दुसऱ्यावर ढकलतो. याला नुसती सही करायची घाई होती.

मयताचा मोबाईल पाण्यात गेला होता, म्हणून पत्नीचा मोबाईल तपासायला मी घरी गेलो. त्यात काही निघालं नाही. शिरस्त्याप्रमाणे विचारलं, घरात आणखी मोबाईल आहे का? तिनं फळीवरचा जुना काढून दिला. मुलीच्या अभ्यासाला ठेवलाय, म्हणाली. त्यात रविवारच्या तारखेला, फोटोनंतर तासाभरानं, मयताला केलेल्या व्हिडिओ कॉलची नोंद होती. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली.

आतल्या खोलीत तिची सात वर्षांची मुलगी पाढे म्हणत होती. बाईनं त्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एका दमात म्हणाली, "तो फोन मी केला होता साहेब. मीच म्हटलं, जॅकेट काढा, नवा शर्ट बघू दे."

शर्टाचा विषय मी काढलाच नव्हता; फोनच्या वेळी घरात मुलगी एकटीच होती, हे तिला त्याच क्षणी उमगलं होतं. मी वही मिटली आणि ठाण्यात परतलो. थोरल्याला म्हटलं, त्या व्हिडिओ कॉलची नोंद सापडली. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "सायेब, पोरीनं बाबाला पसंत केल्याला शर्ट. बाबा, दाखवा की, म्हणाली. त्यानं हसत जाकीट काढलं आन् उजेडाला म्हणून दारापाशी हुबा राहिला. फोन ठेवला आन् वाऱ्यानं बोट फिरली, सैल कडीचं दार उघडलं. तिला इचारू नका. मला आत टाका, चालंल."

मुलीला मी काहीच विचारलं नाही. अहवालात लिहिलं, 'उकाड्यामुळे मयताने स्वतः जॅकेट काढले होते.' बाईनं तक्रार मागे घेतली आणि प्रकरण बंद झालं. गावाचं तोंड मात्र बंद झालं नाही. थोरल्यानं बोट स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये कापली, तर लोक म्हणाले पुरावा मोडला. त्यानं म्हणू दिलं. भावजयीनंही त्याच्या घरी जाणं सोडलं. भेट झाली असती तर विषय निघाला असता. आणि मी? एक लेकरू वाचवलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी ती मुलगी माझ्या दारात आली. आता कॉलेजात आहे. हातात माझ्या अहवालाची नक्कल. म्हणाली, "साहेब, डिसेंबरात उकाडा कसला? आईनं मला स्वेटर घातला होता त्या दिवशी."

पाण्यावर दुपारी उकडतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"आणि मी बाबांना फोन केला होता ना?"

"रेकॉर्डला तसा फोन नाही, बाळ," मी म्हणालो.

तिनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला, आमच्या घरातून आलेला चहा घेतला आणि गेली. दुसरा प्रश्न विचारला नाही. ज्याला उत्तर पटत नाही तो हुज्जत घालतो. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं तो असा मुकाट्यानं उठतो. एवढी वर्षं समोरच्याचं खोटं ओळखून भाकरी खाल्ली, आणि त्या दिवशी माझं खोटं एका पोरीनं ओळखलं.

आम्ही तिघांनी तिच्या वाटचं ओझं उचललं, असं आम्हाला वाटत होतं. ते सातव्या वर्षापासून तिच्याच डोक्यावर होतं. आमच्यामुळे तिला कुणापाशी रडताही आलं नाही. या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच, आणि फार उशिरा. मला याची लाज वाटते.

म्हणून हे लिहिलं. बाळ, तू वाचशील की नाही, माहीत नाही. त्या दिवशी तुझा फोन लागला होता. तुझ्या बाबांनी शर्ट दाखवला तेव्हा ते हसत होते. दाराची कडी बघणं मोठ्यांचं काम होतं, तुझं नव्हतं. तुझे काका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एकटेच असतात. त्यांच्याकडे एकदा जा.