आक्कानं शिकवलेलं ‘आई गं’

माझ्या भाचीला दुखायचंच नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. एकदा तंजावूरच्या आमच्या स्वयंपाकघरात तापल्या तव्यावर पंजा टेकून ही बया डोसा मागत उभी! कातडी जळल्याचा वास आला तेव्हा आक्का धावली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. इकडे तशी रीतच. तव्याच्या त्या प्रकारानंतर तिनं लेकीला बजावलं, लागलं, भाजलं, रक्त दिसलं, की मोठ्यानं ‘आई गं!’ ओरडायचं. कळ येवो न येवो. शिवाय रोज तिचे तळवे, गुडघे, जीभ तपासायची. पोरगी आपलीच जीभ चावायची हो!

माणसाचा सगळा जीनोम वाचून झाला, अशा बातम्या पेपरात येत होत्या. त्याच सुमाराला मद्रासहून एक डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांना आई, बाप, लेक तिघांचं रक्त हवं होतं.

“हिचा कुठला जीन बिघडलाय ते सापडलं, तर कळ मेंदूकडे कुठल्या वाटेनं जाते ते समजेल,” त्या म्हणाल्या. “मग तीच वाट औषधानं बंद करता येईल. कॅन्सरच्या रोग्यांना झोप लागेल.”

आक्कानं एवढंच विचारलं, “आणि हिला दुखायला लागेल असं औषध?”

“बहुतेक नाही निघणार,” बाई हळूच म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. “वा! जगाचं दुखणं घालवणार, आणि आमची पोर तशीच?” बाईंसमोर ठेवलेली कापी, म्हणजे कॉफी, मी उचलून आत नेणार होते.

“गप गं,” आक्का म्हणाली. “आपले अप्पा कॅन्सरनं जाताना कसे ओरडायचे, विसरलीस? त्यांची कळ थांबव म्हणून ज्या मारियम्मन देवीला विनवलं, तिलाच आता हिला कळ दे म्हणते मी.” तिनं हात पुढे केला. “घ्या रक्त.”

केवढं मन आक्काचं! अजून नवल वाटतं मला.

तिनं सुई टोचून घेतली, हूं की चूं केलं नाही. मग तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मामांचं झालं. शेवटी भाचीची पाळी. ती खिडकीतून रस्त्यावरची ऑटो बघत होती. मध्येच नळीत चढणारं रक्त तिला दिसलं. तिनं चटकन आईकडे बघितलं आणि शिकवल्यासारखी ओरडली, “आई गं!”

“शाब्बास,” म्हणाली आक्का, आणि रडायला लागली.